नुसता जोर काय कामाचा?

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत एक ठराव आला. विषय क्रमांक चार : 'क्लब हाउसमधील पूल टेबल काढून टाकणे.' विषय क्रमांक तीन पाण्याच्या टाकीचा होता, त्यावर पाऊण तास वाद झाला. चौथ्या विषयावर मात्र कुणाला चर्चाच नको होती. हात वर करा, संपवा आणि चहा घ्या, असा एकंदर नूर होता.

मी हात वर केला, पण विरोधात. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याने पूल टेबलाची बाजू घ्यावी ह्याचं लोकांना इतकं नवल वाटलं की चहा तसाच थांबला. मला बोलायला दोन मिनिटं मिळाली. त्या दोन मिनिटांत जे राहून गेलं ते इथे लिहितो आहे. थोडं लांबेल. पण ब्लॉग आपलाच आहे, तास संपल्याची घंटा वाजवायला इथे कुणी नाही!

ज्यांनी बेसा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरच्या दक्षिणेला, मानेवाड्याहून पुढे आलं की हे गाव लागतं. आम्ही 2011 साली इथे राहायला आलो तेव्हा ग्रामपंचायत होती आणि खिडकीतून शेतं दिसायची. आता बेसा-पिपळा नगरपंचायत झाली आहे आणि खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. मोकळ्या जागा प्लॉट पडून विकल्या गेल्या. मग पोरांनी खेळायचं कुठे? तर बिल्डरने माहितीपत्रकात रंगीत छापलेल्या क्लब हाउसमध्ये. तिथे एक टेबल टेनिसचं टेबल आहे (त्याची जाळी कधीच गेली), दोन कॅरम बोर्ड आहेत आणि एक आठ फुटी पूल टेबल आहे. संध्याकाळी सगळे पोट्टे ह्या शेवटच्या टेबलाभोवती.

खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात असा. कापड लावलेलं टेबल, कडेला सहा पॉकेट. पंधरा रंगीत बॉल त्रिकोणात गच्च लावायचे. दुसऱ्या बाजूने पांढरा बॉल ठेवून काठीने, म्हणजे क्यूने, त्या त्रिकोणावर मारायचा. ह्या पहिल्या फटक्याला म्हणतात 'ब्रेक'. कॅरममध्ये आपण जो शब्द वापरतो तोच.

माझा नातू अकरावीत आहे. महिन्याभरापूर्वीची गोष्ट. ब्रेक त्याचा होता आणि भोवतीचे मित्र ओरडत होते, "हाण ना बे जोरानं! सकाळी जेवला नाही का?" त्याने क्यू अशी काही हाणली की पांढरा बॉल टेबल सोडून उडाला आणि सूचना फलकाच्या काचेवर जाऊन आदळला. काच फुटली. आत सूचना लावलेली होती, 'क्लब हाउसमधील सामान जपून वापरावे.'

नशीब, कुणाला लागलं नाही. दीडशे ग्रॅमहून जास्त वजनाचा तो टणक गोळा. एखाद्या लहान मुलाच्या कपाळावर बसला असता तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. काचेचे पैसे मी दुसऱ्या दिवशीच भरले. पण प्रकरण तिथे मिटलं नाही, विषय क्रमांक चार होऊन सभेत आलं.

आता माझ्या भांडणाकडे येतो. माझं भांडण दोन पक्षांशी आहे.

पहिला पक्ष पोट्ट्यांचा. त्यांचं म्हणणं, ब्रेक म्हणजे ताकद. ज्याच्या दंडात जोर त्याचा ब्रेक भारी. बॉल चारी दिशांना उधळले, मोठा आवाज झाला की ब्रेक झाला. एखादा बॉल पॉकेटात गेला तर टाळ्या, आणि पांढराच गेला तर "पुढच्या वेळी आणखी जोरात मारू".

दुसरा पक्ष माझ्या वयाच्या लोकांचा. त्यांचं म्हणणं, ब्रेक म्हणजे नशीब. डोळे मिटून मारायचं, पडलं ते पडलं. म्हणजे फासे फेकण्यातलाच प्रकार. म्हणून हा खेळ जुगाराचा धाकटा भाऊ, म्हणून टेबल काढा. सभेत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, यात शिकण्यासारखं हाये काय? नुसतं धाडधाड करून राहिले ते पोट्टे!"

गंमत बघा. हे दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत आहे. ब्रेक ही शिकायची गोष्ट नाही, हे दोघांनाही मान्य आहे. एकाच्या मते ती अंगात असते, दुसऱ्याच्या मते ती कपाळात असते. मला म्हणायचं आहे ते इतकंच की दोघेही चूक आहेत. ब्रेक शिकता येतो. शिकवताही येतो. आणि जे शिकवता येतं ते न शिकवता त्याला कुलूप लावणं ही आम्हा मोठ्यांची आळशी सवय आहे.

काच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लब हाउसमध्ये कुणी नसताना, मी शिलाईची टेप घेऊन गेलो. (आमची ही म्हणाली, "आता या वयात तुम्ही पोट्ट्यांसारखे पूल खेळणार का?" मी म्हटलं, "खेळत नाही, मोजतो.") मी साधा बी.ए., तोही मराठी माध्यमातला. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण टेप धरायला आणि आलेख कागदावर रेघ ओढायला पदवी लागत नाही.

तर मोजमाप असं. ज्या रेषेमागून ब्रेक करतात तिथून त्रिकोणाच्या टोकाच्या बॉलपर्यंत ह्या टेबलावर साधारण 112 सेंटिमीटर अंतर भरतं. बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा सेंटिमीटरला थोडा कमी. आता समजा क्यूची दिशा एका अंशाने चुकली. एक अंश म्हणजे किती? कंपासपेटीतल्या कोनमापकावरचा सगळ्यात लहान भाग! पण तेवढ्या चुकीने पांढरा बॉल टोकाच्या बॉलपर्यंत पोचेतो जवळजवळ दोन सेंटिमीटर बाजूला सरकतो. म्हणजे समोरासमोर टक्कर व्हायच्या ऐवजी तो तिरका लागतो. समोर एकच बॉल आहे असं धरून हिशेब केला तर पांढरा बॉल आपल्या वेगाचा सुमारे तिसरा हिस्सा स्वतःजवळच ठेवतो आणि बाजूला पळ काढतो. बहुतेक वेळा पॉकेटाकडे.

आता सांगा, जोर वाढवून काय साधलं? जोर दुप्पट केला तर बाजूला पळणाऱ्या पांढऱ्याचाही वेग दुप्पट होणार. चुकीची दिशा जोराने दुरुस्त होत नाही, ती चूकच मोठी होते. हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाला, "सर, हे तर बाइक चालवण्यासारखंच झालं." अगदी बरोबर बोलला.

बॉल उडाला का, तेही सांगतो. टेबलाची कड उंच असते. क्यू तिच्यावरून न्यावी लागते, त्यामुळे क्यूचं मागचं टोक थोडं वर राहतंच. जोर लावायच्या नादात पोरं ते टोक आणखी उचलतात. मग क्यू पांढऱ्या बॉलला वरून खाली दाबते. खाली कठीण पाटा. दाबलेला बॉल टुणकन उडी घेतो. तो हवेत असतानाच टोकाच्या बॉलवर चढला की तिथून थेट सूचना फलक! ह्यात नशिबाचा काहीही संबंध नाही. कारण समजलं की उपायही समजतो : मागचा हात खाली ठेवा, क्यू जमेल तेवढी आडवी ठेवा.

आणखी एक गोष्ट ह्या पोरांच्या गावीच नसते. ती म्हणजे त्रिकोण लावणं. घाईघाईत बॉल लोटायचे, लाकडी चौकट उचलायची, झालं. बॉलबॉलमध्ये केसाएवढ्या फटी राहिल्या तर एकाचा धक्का दुसऱ्याला नीट पोचत नाही. मग जोराचा ब्रेक होऊनही अर्धे बॉल जागच्या जागी गठ्ठा करून बसतात आणि पोरं म्हणतात, "नशीबच खराब हाये." अरे बाबा, नशीब कसलं? रचताना हात चोरला, त्याचं फळ आहे ते.

मला मात्र हे वाचून कळलेलं नाही. मला ते चाळीस वर्षांपूर्वी एका नववीतल्या पोराने सांगितलं होतं.

आमच्या शाळेत खेळाच्या खोलीत एक कॅरम बोर्ड होता. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असे सामने व्हायचे. 1984 च्या आसपासची गोष्ट असेल. हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसणारा, गृहपाठ कधी न करणारा. त्याने आम्हा शिक्षकांना एकामागून एक हरवलं. माझ्याविरुद्ध त्याचा ब्रेक होता. कॅरममध्ये ब्रेक करणाऱ्याच्या पांढऱ्या सोंगट्या हे आपल्याला माहीतच आहे. मधोमध राणी, भोवती सहा, त्याबाहेर बारा. आम्ही सोंगट्या लावायचो त्या नुसत्या वर्तुळ दिसावं म्हणून. ह्याने लावल्या त्या बोटांनी चाचपून, घट्ट, आणि पांढऱ्या सोंगट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या येतील अशा. मग सगळा गठ्ठा किंचित फिरवला. वायचे दोन हात समोरच्या दोन भोकांकडे वळले. मग त्याने स्ट्रायकर ठेवला आणि मारला. जोर इतका कमी की मला वाटलं पोराच्या हातातून निसटला. पण दोन पांढऱ्या दोन बाजूंना गेल्या आणि डब-डब असा आवाज आला.

मी म्हटलं, "लागला बरा नशिबाने!"

तो म्हणाला, "नशीब नाही, सर. मारायच्या पयलेच अर्धं काम होऊन जाते. बसवलं बरोबर, का जोर नाही लागत."

चाळीस वर्षं झाली, ब्रेकबद्दल ह्यापेक्षा चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही. त्या मुलाबद्दल आणखी सांगायचं आहे, पण ते शेवटी.

त्याचं खरं होतं हे मोठ्या खेळाडूंकडे पाहिलं तरी पटतं. कॅरमच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्ट्रायकरचा सोंगटीला नुसता स्पर्श झाला तरी ब्रेक झाला असं धरतात. किती जोरात मारावं ह्याबद्दल नियम अक्षरही बोलत नाही. पूलचा सख्खा भाऊ स्नूकर. त्यात तर पहिला फटका म्हणजे कडेच्या लाल बॉलला हलका घासून पांढरा बॉल परत आपल्या घरी आणून ठेवायचा. तिथे कुणी त्रिकोण जोराने फोडला तर प्रतिस्पर्धी आनंदाने हात चोळतो!

आणि खुद्द पूलमध्ये? 2001 साली अमेरिकेत यू.एस. ओपन ही नऊ बॉलच्या पूलची मोठी स्पर्धा झाली. तिथे कोरी ड्यूएल नावाच्या खेळाडूने हळू ब्रेक मारून भल्याभल्यांची झोप उडवली. बॉल उधळायचेच नाहीत, ठरलेला बॉल ठरलेल्या पॉकेटात घालायचा आणि बाकीचे हाताशी राहतील असे ठेवायचे. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर होता त्याच वर्षीचा जगज्जेता, फिनलंडचा मिका इमोनेन. ड्यूएलने तो सामना 11-0 असा जिंकला. पुढे काही स्पर्धांमध्ये असा हळू ब्रेक चालू नये म्हणून वेगळे नियम करावे लागले. हळू मारणं हे दुबळेपणाचं लक्षण असतं तर त्याला अडवायला नियम कशाला लागले असते?

इथे प्रामाणिकपणे एक कबूल केलं पाहिजे. आमची पोरं खेळतात त्या आठ बॉलच्या पूलमध्ये थोडा जोर लागतोच. नियम असा आहे की ब्रेकवर एकही बॉल पॉकेटात गेला नाही तर निदान चार बॉल तरी कडेच्या गादीला लागले पाहिजेत. फुंकर मारल्यासारखा ब्रेक करून चालत नाही. उत्तम खेळाडूंचे ब्रेक वेगवानही असतात, ते मी नाकारत नाही. पण त्यांचा वेग सर्वात शेवटी आलेला असतो. आधी रचना, मग उभं राहणं, मग हात, मग नेम, आणि हे सगळं हजारदा झाल्यावर वेग. आमची पोरं शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि मग पाय मोडला म्हणून जिन्याला नावं ठेवतात. आणि आमचे सभासद तर जिनाच पाडायला निघाले आहेत!

आता दुसऱ्या पक्षाचे दोन आक्षेप.

पहिला जुगाराचा. पैसे लावून खेळणारे लोक असतात, मी नाही म्हणत नाही. पण पैसे क्रिकेटवरही लागतात, म्हणून सोसायटीतल्या बॅटा कुणी जप्त केल्या नाहीत. आपल्या राज्याचा जुगारबंदीचा कायदा आहे तो 1887 सालचा, इंग्रजांच्या वेळचा. त्याच्या तेराव्या कलमातच निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही असं म्हटलेलं आहे. 1957 साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही कौशल्य आणि नशीब ह्यांत भेद केला. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो. ब्रेक आंधळा असेल तर तुमचं खरं, डोळस असेल तर माझं. मग तो डोळस करा ना!

दुसरा आक्षेप, हा टवाळांचा आणि परदेशी थेरांचा खेळ. परदेशी? स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो रचला (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे). त्या काळी जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि मध्य प्रांताची राजधानी होती आपलं नागपूर! इथून निघालेला खेळ जगभर फिरला, आणि आम्ही त्याला बाहेरचा म्हणतो.

आणि टवाळ कोण? पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स? 1958 साली त्यांनी कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. मी तेव्हा लहान होतो, पण वैयक्तिक खेळात भारताला पहिला जगज्जेता देणारा हाच क्यूचा खेळ होता. की मुंबईचे मायकेल फरेरा? तीनदा जगज्जेते झाले. 1981 साली सरकारने पद्मश्री दिली ती त्यांनी घेतली नाही. सुनील गावसकरला पद्मभूषण आणि बिलियर्ड्सच्या जगज्जेत्याला पद्मश्री, हा फरक का, असा त्यांचा सवाल होता. 1983 साली त्यांनाही पद्मभूषण मिळालं. म्हणजे एक माणूस सरकारशी भांडला की आमचा खेळ कमी दर्जाचा नाही. आणि आम्ही? आम्हाला तो क्लब हाउसमध्येसुद्धा नको.

कॅरमचं तर विचारूच नका. 2016 साली बर्मिंगहॅमला मुंबईचे प्रशांत मोरे कॅरमचे जगज्जेते झाले. आमच्या सभेतल्या किती जणांना हे नाव माहीत होतं? मी विचारलं. एकालाही नाही. पण कॅरम चालतो, कारण तो आपण लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळलो. पूल चालत नाही, कारण तो आपल्याला येत नाही. खरं कारण एवढंच आहे, बाकी सगळी सजावट.

एक गोष्ट मात्र मान्य. काच फुटली ती फुटलीच. आवाज होतो, त्रास होतो. पण चूक झाली की सामान काढून घ्यायचं, ही पद्धत मी छत्तीस वर्षं वर्गात वापरून पाहिली आहे. तिचा निकाल मला माहीत आहे. आता त्या मुलाबद्दल सांगतो.

स्नेहसंमेलन संपलं. नंतर एकदा माझ्या तासाला हा मुलगा बाकाखाली काहीतरी चाळवत होता. जवळ जाऊन पाहिलं तर हातात स्ट्रायकर. बोटांवर तोलून बघत होता. मी तो हिसकावून घेतला, एक थोबाडीत दिली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "टपरीवर बसून आयुष्य काढायचं आहे का?" पोरं हसली. तो हसला नाही, रडलाही नाही. स्ट्रायकर मागायला यावं अशी माझी अपेक्षा होती, म्हणजे आणखी चार शब्द सुनावता आले असते. तो आलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने शाळा सोडली. घरची अडचण होती असं कळलं, आणि तेच कारण असणार, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो आहे.

तो स्ट्रायकर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तीन घरं बदलली, तो बरोबर येत राहिला. फेकवत नाही आणि परत द्यायला पत्ता नाही.

मला आज वाटतं ते असं. सबंध वर्गात रचना, कोन, अंदाज, संयम ह्या गोष्टी ज्या मुलाला खरोखर कळत होत्या तो हा एकटा. मी त्याला विचारायला हवं होतं की बाबा, तू सोंगट्या फिरवतोस त्या कशा, जरा फळ्यावर काढून दाखव. भूमितीच्या सरांना बोलवायला हवं होतं. मला त्याच्यात फक्त टपरी दिसली. कारण ब्रेक नशिबाने लागतो असं मीही तेव्हा मानत होतो. म्हणून सभेतल्या त्या गृहस्थांवर मला राग आला तो खरं तर थोडा स्वतःवरच होता.

असो.

तर सभेत मी एवढंच मागितलं. टेबल काढू नका, एक महिना द्या. संध्याकाळी पाच ते सात मी तिथे बसेन. बराच गोंधळ झाला, पण शेवटी सचिव म्हणाले, "गुरुजी म्हणतात तर देऊ एक महिना. पण पुढची काच फुटली तर मग काही बोलू नका." मी म्हटलं, कबूल.

आमचा वर्ग कसा चालतो ते सांगून थांबतो. मला स्वतःला धड एक बॉल घालता येत नाही, पण शाळेत खो-खोच्या संघाबरोबरही मीच जायचो, आणि मला कुठे पळता येत होतं! नियम चार. एक, त्रिकोण लावणारा बोटाने चाचपून बघणार, फट दिसली तर पुन्हा लावणार. दोन, ओरडायचं नाही. "हाण" हा शब्द बंद. तीन, क्यू आडवी आणि जोर निम्मा. चार, टेबलाच्या मधोमध वहीचं एक पान ठेवल्यासारखी जागा मनात धरायची आणि ब्रेक झाल्यावर पांढरा बॉल त्या जागेजवळ थांबला तरच तो ब्रेक चांगला म्हणायचा. रंगीत बॉल किती पडले ते आम्ही मोजत नाही. पांढरा कुठे थांबला तेवढंच वहीत लिहितो. पांढरा बॉल टोकाच्या बॉलला अगदी समोरून लागला तरच तो मागे येऊन मध्याजवळ राहतो, त्यामुळे तो कुठे थांबला ह्यावरून नेम कळतो. फसवायला जागाच नाही.

पहिल्या दिवशी नातवाचे वीसपैकी तीन ब्रेक वहीत चढले. वैतागला. "आबा, हळू मारून मजाच नाही येऊन राहिली." मी म्हटलं, मजा वहीत आहे, बघत राहा. काल वीसपैकी अकरा झाले. आणि गंमत म्हणजे, पॉकेटात जाणारे रंगीत बॉलही वाढले आहेत. ते मोजायचे नाहीत असा नियम असल्यामुळे पोरं चोरून मोजतात, मी बघत नाही असं दाखवतो.

काल जाताना त्यानेच विचारलं, "आबा, आता थोडा जोर वाढवू का?"

मी म्हटलं, "सोळा झाले की वाढव."

महिन्यातले अठरा दिवस अजून बाकी आहेत. सूचना फलकाला नवी काच बसली आहे. पुढच्या सभेत काय होईल ते होवो. पण वाचकहो, तुमच्याही सोसायटीत, वाड्यात, गल्लीत एखादं पोर असं धाडधाड करत असेल तर ती वस्तू काढून घेण्याआधी एकदा त्याच्याजवळ उभं राहून बघा. तो काय चुकतो आहे ते आपल्याला दिसतं का? दिसत असेल तर सांगा. दिसत नसेल तर त्याच्याकडून शिका.

मी हे चाळीस वर्षं उशिरा करतो आहे. तुम्ही एवढा उशीर करू नका.